दोन आकार जोडले की पृष्ठफळाचा हिशोब कुठे चुकतो?

रानजाई

लेक यंदा दहावीला आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. भूमितीत सध्या महत्त्वमापन चालू आहे. काल रात्री मी ओटा आवरत असताना ती वही घेऊन आली. सरावपत्रिकेतलं गणित असं: अर्धगोलावर शंकू बसवून एक खेळणं केलं आहे. दोघांची त्रिज्या ७ सेमी, शंकूची उंची २४ सेमी. खेळण्याचं एकूण पृष्ठफळ काढा. पायची किंमत २२/७ घ्या.

तिने आधी पायथागोरसने तिरकस उंची (शंकूच्या टोकापासून बुडाच्या कडेपर्यंतची लांबी) काढली, २५ आली. मग शंकूचं एकूण पृष्ठफळ ७०४, अर्धगोलाचं एकूण पृष्ठफळ ४६२. बेरीज ११६६ चौसेमी. उत्तरसूचीत मात्र ८५८.

फरक ३०८ चा. तो आकडा बघून ती म्हणाली, "आई, ३०८ म्हणजे तर अर्धगोलाचं वक्रपृष्ठफळ! म्हणजे यांनी अर्धगोल धरलाच नाही." मी पडताळून पाहिलं. २ × २२/७ × ७ × ७, खरंच ३०८. मी वाणिज्य शाखेची, रोज व्याजाचे हिशोब करते, पण इथे मला पुढे बोलता येईना. उद्या बघू म्हणून तिला झोपायला पाठवलं.

शिकवणीत तिला सांगितलंय की "जोडलेल्या आकारात वक्रपृष्ठफळच घ्यायचं, पाठ कर". ती पाठ करेलही. पण तिला पटलेलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. उत्तर कोणतं बरोबर आणि तिला ते कसं दाखवू?

सांजवात

८५८ बरोबर. वक्र अधिक वक्र. ५५० + ३०८.

तिरकस_उंची

सांजवात, उत्तर ताईंकडे आधीच आहे, त्यांना कारण हवंय.

गणूमास्तर

रानजाई ताई, तुमच्या लेकीचं मला फार कौतुक वाटलं. बहुतेक मुलं उत्तर जुळलं नाही की खोडून पुन्हा करतात. तिने फरक काढला आणि तो फरक कशाचा आहे हे शोधलं. एकतीस वर्षं शिकवलं, अशी मुलं वर्गात दोन-तीनच असायची.

आता कारण. एकूण पृष्ठफळ म्हणजे त्या वस्तूला बाहेरून जिथे जिथे हात लागतो तेवढी जागा. सुटा शंकू हातात घेतला तर त्याच्या बुडालाही हात लागतो. सुटा अर्धगोल घेतला तर त्याच्या सपाट तोंडालाही लागतो. दोन्ही एकमेकांवर चिकटवले की त्या दोन्ही चकत्या आत गेल्या, तिथे हात पोचत नाही. एका चकतीचं क्षेत्रफळ १५४, दोन चकत्या ३०८. तेवढेच वजा झाले. अर्धगोल जागेवरच आहे, गेल्या त्या चकत्या.

मी वर्गात रंगाचा डबा आणायचो. "पोरांनो, हे खेळणं डब्यात बुडवून काढलं तर रंग कुठे कुठे लागेल?" एवढं विचारलं की सूत्र पोरंच सांगायची.

रानजाई

मास्तर, हे पटलं. पण मग ३०८ दोनदा कसा आला? दोन चकत्या मिळून जेवढं, तेवढंच बरोबर अर्धगोलाचं वक्रपृष्ठफळ? योगायोग आहे का?

तिरकस_उंची

योगायोग नाही. अर्धगोलाची पाठ त्याच्या तोंडाच्या चकतीच्या बरोबर दुप्पट असते. त्रिज्या कितीही घ्या, एक चकती पाय × त्रिज्येचा वर्ग, पाठ २ × पाय × त्रिज्येचा वर्ग. म्हणून या प्रकारच्या गणितात हा घोटाळा दरवेळी होणार. तुमच्या लेकीला जे दिसलं ते प्रत्येक वेळी दिसेल.

मीठभाकर

पण दुप्पटच का? तिप्पट का नाही? मला हे शाळेत कुणी सांगितलं नाही. सूत्र फळ्यावर आलं आणि आम्ही उतरवून घेतलं.

गणूमास्तर

मीठभाकर, सुतळी घ्या. रबरी चेंडू घ्या, त्याच्या बरोबर मध्यावर पेनाने गोल रेघ मारा. वरच्या टोकाला टाचणी खोचून सुतळी चिकटून चिकटून गुंडाळत मधल्या रेघेपर्यंत या, कुठे फट नको, कुठे एकावर एक नको. तिथे सुतळी कापा. आता कागदावर चेंडूच्याच त्रिज्येची वर्तुळं काढा आणि तीच सुतळी मध्यापासून गोल गोल लावत जा. एक वर्तुळ भरेल, दुसरंही भरेल, आणि सुतळी संपेल. चेंडूची त्रिज्या आधी नीट मोजायची. घेराला दोरी लावून ६.२८ ने भागलं की मिळते.

सुतळी जाड असल्यामुळे इकडेतिकडे वीतभर उरते किंवा कमी पडते. पण दीड वर्तुळ भरलं किंवा अडीच भरलं असं कधी झालेलं नाही.

ब्रशवाला_नाना

माझं रंगकामाचं कंत्राट असतं. पुस्तकातलं मला फारसं येत नाही, पण मास्तर बोलले ते सोळा आणे खरं. रंग लागतो तेवढंच माप. आमच्यात स्क्वेअर फुटावर दर असतो, प्लास्टरला ब्रासवर, म्हणजे शंभर स्क्वेअर फुटांवर.

एक किस्सा सांगतो. आमच्या शेजारच्या गावात देवळाच्या घुमटाचं काम निघालं. घुमट बुडाशी चौदा फूट रुंद आणि सात फूट उंच, म्हणजे अर्धा चेंडूच. आधीच्या एका कंत्राटदाराने बिल दिलं १२३२ स्क्वेअर फुटांचं. देवस्थानच्या मंडळींना शंका आली म्हणून मला बोलावलं. वर चढायची गरजच पडली नाही. घुमटाच्या बुडाला दोरी फिरवली, घेर ४४ फूट. म्हणजे त्रिज्या ७. हिशोब ३०८. त्या माणसाने चौदा फूट ही त्रिज्या धरली होती. माप दुप्पट धरलं की बिल चौपट होतं. मुद्दाम केलं की चुकून, देव जाणे. बिल मात्र कमी झालं.

तेव्हापासून मी घुमटाला एकच धरतो, बुडाचा घेर गुणिले उंची. ४४ × ७ = ३०८. सूत्र-बित्र लागत नाही.

तिरकस_उंची

नाना, किस्सा आवडला, पण तुमचा "घेर गुणिले उंची" हा नियम जपून वापरा. तो फक्त पुरत्या अर्धगोलाला चालतो. बसका घुमट असेल तर फसवेल. तेच बूड, चौदा फूट रुंद, पण उंची फक्त तीन फूट असं धरा. तुमच्या नियमाने ४४ × ३ = १३२. आता विचार करा, त्या बुडावर घुमट न बांधता नुसता सपाट स्लॅब टाकला असता तरी १५४ झाला असता. फुगलेला घुमट सपाट स्लॅबपेक्षा लहान कसा होईल?

ब्रशवाला_नाना

हे खरं की. मग बसक्याला काय करायचं?

तिरकस_उंची

बुडाची त्रिज्या घ्या, तिचा वर्ग. उंचीचा वर्ग. दोघांची बेरीज करून पायने गुणा. इथे ४९ + ९ = ५८, गुणिले २२/७, साधारण १८२ स्क्वेअर फूट. उंची ७ घातली तर ४९ + ४९ = ९८, गुणिले २२/७, तुमचे ३०८ परत येतात. उंची शून्य घातली तर १५४, सपाट स्लॅब. घुमट गोलाचा तुकडा असेल तोपर्यंत हे चालतं. कांद्यासारखा टोकदार घुमट असेल तर नाही.

ब्रशवाला_नाना

वहीत लिहून घेतलं. पन्नास घुमट झाले असतील माझे, बसक्यांत माझंच नुकसान होत होतं म्हणायचं.

पाटणचा_पाहुणा

नानांचा नियम ऐकून राहवलं नाही. हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, तो स्वच्छ दिला आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे परिघाला व्यासाच्या चौथ्या हिश्शाने गुणणं. त्याला चारने गुणलं की गोलाचं पृष्ठफळ. म्हणजे परिघ गुणिले व्यास. अख्ख्या चेंडूला घेर गुणिले व्यास, अर्ध्याला घेर गुणिले त्रिज्या. नाना दोरी लावून तेच करतात.

आणि त्यांनी दिलेली उपमा बघा: चेंडूभोवतीच्या जाळीसारखं. पृष्ठफळ म्हणजे चेंडूला बाहेरून घट्ट बसणारी जाळी! मास्तरांची सुतळी आणि ही जाळी, मला तरी एकाच घरातल्या वाटतात.

त्यांच्या आधी लल्लाचार्यांनी गोलाचं पृष्ठफळ काढताना वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणलं होतं. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात ते खोडून काढलं. तेव्हा इतक्या मोठ्या आचार्यांचं जे चुकलं, ते दहावीच्या लेकराचं चुकलं तर रागावू नये.

मी चाळीसगावकडचा. तिथून जवळच पाटणादेवीला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता, त्याची नोंद त्यात आहे. लोक देवीचं दर्शन घेऊन धबधबा बघून परत जातात. मुलांना घेऊन जा आणि तो शिलालेखही दाखवा, एवढं माझं मागणं आहे.

सांजवात

वा! पाटणादेवीला दोनदा गेले, हे माहीतच नव्हतं.

खवय्या

सगळे घुमटावर चढलेत म्हणून खालून आवाज देतो. ताईंचं ते खेळणं म्हणजे उकडीचा मोदक आहे! खाली गोल बूड, वर निमुळतं टोक. आणि दोन्ही ७ सेमी त्रिज्येचे म्हणजे एकवीस मोदकांना चाळण पुरणार नाही.

मीठभाकर

७ सेमी त्रिज्या आणि एकूण उंची ३१ सेमी. हा मोदक एकटाच नैवेद्याला बास.

माजघर

मला मास्तरांची हाताची कसोटी आवडली, पण एक विचारते. सांजवात म्हणाल्या "वक्र अधिक वक्र", शिकवणीतही तेच सांगतात. मग ठोकळ्यावर अर्धगोल बसवला तर? ठोकळ्याला वक्र असं काही नसतंच.

गणूमास्तर

माजघर ताई, नेमकं तिथेच पाठांतर तोंडघशी पडतं. १४ सेमी बाजूचा घन घ्या, एकूण पृष्ठफळ ६ × १९६ = ११७६. त्याच्या माथ्यावर मधोमध ३.५ सेमी त्रिज्येचा अर्धगोल चिकटवा. अर्धगोलाने घनाची ३८.५ चौसेमी जागा झाकली, ती गेली. अर्धगोलाची पाठ ७७ ची, ती आली. ११७६ − ३८.५ + ७७ = १२१४.५. अर्धगोलाची स्वतःची चकती कुठे मोजलीच नाही, कारण ती दाबली गेली. घनाची वरची बाजू पूर्ण टाकायची नाही, झाकली तेवढीच टाकायची. परीक्षेत मुलं अख्खी वरची बाजू वजा करतात आणि गुण जातात.

तिरकस_उंची

आणि गंमत बघा. त्याच घनाच्या माथ्यावर अर्धगोल चिकटवण्याऐवजी तेवढाच अर्धगोल खड्डा कोरला तर?

झाडीपट्टीचा

खड्डा कोरला तं कमीच होईन ना बावा. लाकूड गेलं.

सांजवात

हो, कमी होणार.

तिरकस_उंची

लाकूड गेलं म्हणून घनफळ कमी झालं. पण पृष्ठफळ? माथ्यावरची ३८.५ ची चकती गेली, खड्ड्याच्या आतली ७७ ची पाठ आली. परत १२१४.५. टेंगूळ असो की खड्डा, हात फिरवायची जागा तेवढीच.

झाडीपट्टीचा

थांबा, करून पाह्यतो.

बरोबर हाय. आमच्या घरचं उखळ आठवलं. खड्ड्यात शेणाचा हात फिरवाले जास्त वेळ लागे, आजी म्हणे "दिसते लहान, सारवाले मोठं". तिले हे ठाऊक होतं.

खवय्या

मग मेदूवडा! त्याच्या भोकाचं गणित करा कुणीतरी.

तिरकस_उंची

करतो की. वडा तीन सेमी जाड, भोकाची त्रिज्या एक सेमी. भोक पाडल्यावर वरखाली दोन चकत्या गेल्या, मिळून ६.२८ चौसेमी. भोकाची आतली भिंत आली, घेर ६.२८ गुणिले जाडी ३, म्हणजे १८.८४. निव्वळ साडेबारा चौसेमी जास्त पृष्ठभाग तेलाला लागला. आतून पीठ कच्चं राहत नाही आणि कुरकुरीत भाग वाढतो. भोकाच्या त्रिज्येपेक्षा वडा जाड असेल तोपर्यंत भोक फायद्याचं. दोन्ही सारखे झाले की जितकं गेलं तितकंच आलं.

खवय्या

आजवर ज्यांनी मला "भोकाचे पैसे का घेता" असं हॉटेलात विचारायला लावलं त्या सर्वांना हे दाखवणार आहे.

पत्रेवाला_कोल्हापूर

उशिरा आलो. माझं पत्राकामाचं दुकान आहे, धान्याच्या कोठ्या, नरसाळी, चिमण्या करतो. इथे सगळ्यांनी रंगाचं सांगितलं, मी पत्र्याचं सांगतो, कारण आम्ही पृष्ठफळ कापतो आणि मग वाकवतो. आमच्यासाठी शंकू आधी सपाट असतो.

कोठीचं शंकूचं झाकण घ्या. बुडाची त्रिज्या १५ इंच, उंची ८ इंच. तिरकस उंची १७. मी १७ इंच त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ पत्र्यावर आखतो. पण त्याचा घेर झाकणापेक्षा मोठा आहे, तो १५ च्या घेराइतका व्हायला हवा. ३६० ला १५/१७ ने गुणलं की ३१७.६ अंश. म्हणजे वर्तुळातून साधारण ४२ अंशांची फोड काढून टाकायची, भाकरीचा चतकोर तोडतो तशी, फक्त चतकोराच्या निम्मी. उरलेल्याची दोन तोंडं ओढून एकमेकांना लावली की झाकण उभं राहतं. उरलेल्या पत्र्याचं क्षेत्रफळ म्हणजेच शंकूचं वक्रपृष्ठफळ: पाय × १५ × १७, सुमारे ८०१ चौरस इंच. ताईंनी लेकीला कागदाचं वर्तुळ कापून हे दाखवावं. तिरकस उंचीच का घ्यायची, उभी का नाही, हे तिला एका मिनिटात कळेल. वर्तुळ आखताना कंपास १७ वर धरला होता, ८ वर नाही.

आता कोठी. खाली नळकांडं, उंची ४२ इंच. भिंतीचा पत्रा घेर ९४.३ × ४२, म्हणजे ३९६० चौरस इंच, साडेसत्तावीस स्क्वेअर फूट. बूड जवळपास ४.९, झाकण ५.६. एकूण ३८. नळकांड्याचं वरचं तोंड धरायचं नाही, ते उघडं असतं, झाकण त्यावर बसतं. पण बूड धरायचं! रंगाऱ्याला बूड लागत नाही, ते जमिनीवर असतं. मला लागतं, नाहीतर जोंधळा खाली. म्हणून "एकूण पृष्ठफळ" विचारलं की मी आधी विचारतो, कुणासाठी?

बाजारात पत्रा ८ बाय ४ चा येतो, ३२ स्क्वेअर फूट. ३८ म्हणजे एक पत्रा आणि थोडा तुकडा पुरेल असं वाटतं ना? नाही पुरत. भिंतीलाच ९४.३ इंच लांबी लागते आणि पत्रा ९६ इंचांचा, उरलेला पावणेदोन इंच जोडाच्या घडीत जातो. बाजूला सहा इंचांची पट्टी उरते, तिच्यातून बूडही निघत नाही आणि झाकणही. दुसरा पत्रा फोडावाच लागतो. त्यात ३० इंची बूड आणि ३४ इंची झाकण शेजारी शेजारी बसतात. वर्तुळाच्या कोपऱ्यांत जो पत्रा वाया जातो तो कुठल्या सूत्रात नसतो. नव्या पोराला हे शिकवायला मला दोन महिने लागतात.

माजघर

"आधी विचारतो, कुणासाठी?" हे वाचून अंगावर काटा आला. पुस्तकात हा प्रश्नच नसतो.

गणूमास्तर

असतो, पण लपलेला असतो. "तंबूला किती कापड लागेल", "टाकीला आतून रंग द्यायचा आहे", "झाकण नसलेला डबा". हे शब्दच सांगतात की काय मोजायचं. तंबूला जमिनीचं कापड लागत नाही, म्हणून खालची चकती नाही. वाचताना त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय मी लावायचो. भूमितीचा पेपर ४० गुणांचा, त्यात एक शब्द न वाचल्याने दोन-तीन गुण सहज जातात.

पत्रेवाला, तुमचं झाकणाचं उदाहरण मी वापरू का? आता नातवाला शिकवतोय.

पत्रेवाला_कोल्हापूर

मास्तर, विचारता काय! दुकानात घेऊन या नातवाला. कात्री हातात देतो.

ब्रशवाला_नाना

पत्रेवाल्यांच्या बोलण्यावरून आठवलं. आमच्यातही सगळं वजा होत नाही. भिंतीतलं छोटं भोक, झरोका, अर्ध्या चौरस मीटरच्या आतलं असेल तर माप कापत नाहीत, सरकारी कामातही तसंच धरतात. कारण भोकाच्या कडा रंगवायला तेवढाच हात जातो. दरवाजा मात्र कापतात.

तिरकस_उंची

मेदूवड्याचाच न्याय! चकती गेली, भिंत आली.

लाडूवाली_मावशी

सगळं वाचलं. माझा बाळबोध प्रश्न. बुंदीचे लाडू ताटात एकमेकांना लागून ठेवले तर त्यांचंही पृष्ठफळ कमी होतं का? रचलेत तर?

तिरकस_उंची

मावशी, प्रश्न छान आहे. गोल गोलाला एका बिंदूतच टेकतो आणि बिंदूला क्षेत्रफळ नाही. त्यामुळे अगदी कडक, नेमके गोल लाडू असतील तर काहीच कमी होत नाही. ऊबदार लाडू दाबून रचले की ते टेकतात तिथे चपटे होतात. मग तिथे दोन्हीकडून एक-एक चकती गेली.

लाडूवाली_मावशी

म्हणजे डब्यातले लाडू एकमेकांना चिकटतात तिथे चपटे होतात, ते हेच!

रानजाई

मंडळी, चार दिवसांनी येतेय. सगळं तिला वाचून दाखवलं, तिने काय केलं ते सांगते.

गणपतीच्या वेळची शाडू माती घरात होती. खवय्यांचा मोदक तिला फारच भावला. मातीचा एक अर्धगोल केला, वाटीत दाबून. एक शंकू केला, कागदाच्या पुंगळीत भरून. दोघांची तोंडं सारखी येईपर्यंत पट्टीने खरवडत बसली. मग पाण्याचा हात लावून एकमेकांवर बसवले आणि दोन दिवस गच्चीत वाळवले. काल गेरू कालवून सगळीकडून लावला, बुडालाही, उलटा धरून. सुकल्यावर बरोबर सांध्यावर दोरा ओढून तो मोदक तोडला.

दोन्ही तोंडं पांढरट मातीचीच निघाली. दोन गोल चकत्या, कडेला गेरूची बारीक रेघ. ती बराच वेळ त्या चकत्या एकमेकांवर ठेवून बघत होती. मग वहीत लिहिलं: "११६६ − १५४ − १५४ = ८५८." आणि खाली स्वतःच एक सोपी वाटही शोधली. पाय आणि त्रिज्या दोन्हीकडे आहेत म्हणून बाहेर काढली: २२/७ × ७ × (२५ + १४) = २२ × ३९. एका ओळीत उत्तर.

मास्तर, सुतळीचा प्रयोग या रविवारी. पत्रेवाले दादा, झाकण तिने कागदाचं केलं, फोड ४२ अंशांचीच काढली, कोनमापकाने. ते आता मसाल्याच्या बरणीवर बसतंय.

गणूमास्तर

ताई, त्या दोन चकत्यांचा फोटो काढून ठेवा. आणि त्या टाकू नका, शाळेत न्यायला सांगा. बाईंना वर्गात दाखवता येतील.

पत्रेवाला_कोल्हापूर

बरणीचं झाकण कागदाचं टिकणार नाही. माप पाठवा, पत्र्याचं करून ठेवतो.

रानजाई

दादा, बरणीच्या तोंडाची त्रिज्या ४.५ सेमी. उंची तिला २ सेमी हवी आहे. तिरकस उंची ती आत्ता काढतेय, म्हणते पूर्णांकात येत नाही, चालेल का?

पत्रेवाला_कोल्हापूर

४.९२ आली असेल. चालेल. जोडाला अर्धा सेमी जास्त धरतो, तेवढं तिला सांगा.